जॅझ शिकलेल्या वादकानं मुंबईत सेशनला कसं बसावं

सेशन म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत, आठ-सोळा बारांचं काम चोख करून वाद्य बॅगेत घालणं. मुंबईत हा व्यवसाय वाढवण्यात जॅझ वाजवणाऱ्यांचा मोठा हात आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन जॅझवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड तिथे वाजवत होता. त्यांचं ऐकत गोव्याहून आलेल्या वादकांची एक पिढी घडली. रात्री हॉटेलात डान्स बँड, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग असा त्यांचा क्रम असे. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांकडे, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे, अशा जोड्या जुळल्या. पुढच्या काळात मनोहारी सिंग सॅक्सोफोनसोबत बासरी आणि मँडोलिन वाजवत, केर्सी लॉर्ड ॲकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत सगळं सांभाळत. या सगळ्यांना जॅझ येत होतं, पण गाण्यात ते कुठे लागतं आणि कुठे खटकतं हेही कळत होतं. सेशनचे पैसे बरेचसे या दुसऱ्या गोष्टीसाठी मिळतात.

खालचा मजकूर ज्याला हार्मनी येते, स्टँडर्ड्स (जॅझमधली सगळ्यांच्या ओळखीची गाणी) वाजवता येतात, पण स्टुडिओत पहिल्यांदा बोलावणं आलंय अशा वादकासाठी आहे. उदाहरणं जास्त करून सॅक्सोफोनची आहेत, गिटार आणि कीबोर्डवाल्यांना त्यातलं बरंच लागू पडेल.

पट्टी आधी, बाकी नंतर

संगीतकार 'सी शार्प' म्हणेलच असं नाही. तो म्हणेल, 'काळी एक'. हार्मोनियमवर सी पासून मोजलं की काळ्या पट्ट्या पाच: काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. पांढरी एक सी, पांढरी चार एफ, पांढरी सहा ए. हे झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं.

सॅक्सोफोनवाल्यांचं गणित इथे एक पायरी पुढे जातं. आल्टोवर खऱ्या स्वराच्या मेजर सिक्स्थ वर लिहायचं, टेनरवर मेजर सेकंड वर (आणि एक सप्तक जास्त). पाचही काळ्या पट्ट्या सोप्या निघतात. काळी एक आल्टोवर बी फ्लॅट आणि टेनरवर ई फ्लॅट. काळी दोन आल्टोवर सरळ सी, टेनरवर एफ. काळी तीन आल्टोवर ई फ्लॅट, टेनरवर ए फ्लॅट. काळी चार आल्टोवर एफ, टेनरवर बी फ्लॅट. काळी पाच आल्टोवर जी, टेनरवर सी. चारापेक्षा जास्त फ्लॅट कुठेच नाहीत. त्रास पांढऱ्या पट्ट्यांचा. पांढरी तीन, म्हणजे ई, आल्टोवर सी शार्प आणि टेनरवर एफ शार्प होते. पांढरी सहा आल्टोवर एफ शार्प, टेनरवर बी. पांढरी दोन आल्टोवर बी. गिटारवर बसवलेली गाणी नेमकी याच पट्ट्यांत येतात, कारण गिटारवाल्याला ई, ए आणि डी हाताखालचे. म्हणून रियाजात काळ्यांपेक्षा पांढरी दोन, तीन आणि सहा यांना दुप्पट वेळ द्या. या तीन पट्ट्यांत बोटं अडखळत नसतील तर बाकी नऊ पट्ट्या आपोआप सुटतात.

गिटारवाल्यांचं उलटं. काळी एकला पहिल्या घरात कॅपो आणि सीचे शेप, काळी चारला पहिल्या घरात कॅपो आणि जीचे शेप, काळी तीनला दुसऱ्या घरात कॅपो आणि ईचे शेप. कॅपो लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासा. तारा फ्रेटवर जास्त दाबल्या गेल्या की स्वर चढतो.

एक प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचाराच: 'सा कुठला धरलाय?' 'ए मायनर' असं सांगितलेलं गाणं एखादा गायक पांढरी सहाचा सा धरून मोजतो, दुसरा तेच स्वर पांढरी एकवरून मोजतो. मध्यमाला सा मानून बसवलेली भजनं तर वेगळीच. तुम्ही कॉर्ड लिहून घेतलेत आणि संगीतकार सरगम म्हणतोय, तर हा एक प्रश्न पंधरा मिनिटं वाचवतो.

राग, ताल आणि जॅझच्या सवयी

कामचलाऊ नकाशा असा: यमन म्हणजे लिडियन, खमाज मिक्सोलिडियनजवळ, काफी डोरियन, आसावरीचा थाट नॅचरल मायनर, भैरवी फ्रिजियन, भूप मेजर पेंटाटॉनिक, मालकंस मायनर पेंटाटॉनिकसारखा पण पंचमाशिवाय (सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी). चारुकेशी म्हणजे मेलॉडिक मायनरचा पाचवा मोड. मारवा, पूर्वी, तोडी यांना असा तयार मोड नाही, ते कानानेच शिकावे लागतात.

नकाशा फक्त स्वर देतो. चलन देत नाही, आणि चूक तिथेच होते. यमनमध्ये आरोहात सा आणि पंचम टाळून नी रे ग, मं ध नी असं जातात. लिडियन स्केल सरळ सा पासून चढवलीत तर स्वर बरोबर असूनही ते गाणं वाटत नाही. भूपातल्या अभंगावर ब्लू नोट टाकणं, कोमल आणि शुद्ध गंधार एका दमात घेणारं एन्क्लोजर लावणं, गायकाच्या लांब सुरावर नाइन्थ धरून बसणं, या तीन सवयींमुळे 'हा जॅझवाला आहे' असा शिक्का लवकर बसतो आणि फोन कमी होतात. क्रोमॅटिक पासिंग नोट्स गायक थांबलेला असताना वापरा, तो गात असताना कॉर्ड टोन्सवर राहा.

तालाचं गणित साधं आहे, सराव लागतो. केहरवा ८ मात्रा, दादरा ६, रूपक ७ (३+२+२), झपताल १० (२+३+२+३), तीनताल १६. लावणीला ढोलकीची चाल साधारण सहा-आठची असते. तिथे जॅझ वॉल्ट्झचा स्विंग लावला की ढोलकीवाला मान वर करून बघतो. तिहाईसाठी, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणाऱ्या तुकड्यासाठी, एक युक्ती पाठ ठेवा: समेवर सुरू करून पुढच्या समेवर संपवायचं असेल तर मात्रा अधिक एक इतक्या जागा भराव्या लागतात. केहरव्यात ९, म्हणजे तीन स्वरांचा तुकडा तीनदा, मध्ये थांबा नाही. रूपकात ८, म्हणजे दोन स्वर, एक थांबा, दोन स्वर, एक थांबा, दोन स्वर. तीनतालात १७, म्हणजे पाच-पाचचे तीन तुकडे आणि मध्ये एकेक थांबा. शेवटचा स्वर समेवर. यापुढचं तबलजीकडून शिकून घ्या.

स्विंगच्या सवयीमुळे प्रोग्रॅम केलेल्या ग्रूव्हवर आठव्या नोट्स ओघळतात. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर ठेवून स्विंगचा सराव केला असेल, तर आता तोच मेट्रोनोम फक्त बाराच्या शेवटच्या आठव्या नोटवर वाजतोय असं समजून सरळ आठव्या नोट्स वाजवा. कंटाळवाणं आहे, पण क्लिकशी घसट यानेच होते.

फोन आल्यावर

वाद्य कोणकोणतं, शिफ्ट किती तासांची, नोटेशन आहे की कानावर, पट्टी आणि टेम्पो काय, पैसे कोण देणार आणि कधी: हे फोनवरच विचारून घ्या. 'या, मग बघू' हे उत्तर मिळालं तर तुमच्याकडच्या सगळ्या तयारीने जा.

बॅगेत काय असावं: वाजवून रुळलेल्या चार रीड्स (कोरी रीड सेशनला उघडू नये), कॉर्क ग्रीस, बारीक स्क्रूड्रायव्हर, रबरबँड, प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप. नेकचा कॉर्क सैल पडला तर टेपचे दोन वेढे त्या दिवसापुरते काम भागवतात. कानावर घट्ट बसणारे बंद हेडफोन, ३.५ मिमीवरून ६.३५ मिमीचा कनेक्टर, २बी पेन्सिल, खोडरबर, कपड्याचे चार चिमटे. पेनने नोटेशनवर लिहू नये, अरेंजर दुसऱ्या टेकला बदल करतोच. गिटारवाल्याने नव्या तारांचा एक संच आणि ९ व्होल्टची बॅटरी ठेवावी.

स्टुडिओ अंधेरीत आणि घर वसईत असेल तर सकाळी लोकलने वाद्य नेणं ही वेगळी कसरत आहे. टेनर पाठीवर घेऊन गर्दीत घुसण्यापेक्षा लगेजच्या डब्यातून जा, किंवा गर्दीच्या आधीची गाडी पकडा. अर्धा तास आधी पोहोचण्याचं खरं कारण वेगळं आहे. हवा थंड असेल तर फुंकायच्या वाद्याचा स्वर उतरतो, साधारण दर अंशाला ३ सेंट. बाहेर ३२ अंश आणि एसीत २२ अंश असेल तर सॅक्सोफोन सुरुवातीला तीसेक सेंट खाली असतो. आधी दहा-पंधरा मिनिटं फुंकून वाद्य गरम करा, मग माउथपीस सरकवा. तारवाद्यांचं उलट होतं. गारठ्यात तारा आकसून स्वर चढतो.

टेक

आधी मॉनिटर होईल, म्हणजे रेकॉर्ड न करता एक वाचन. वाजवण्याआधी पानाचा नकाशा बघा: रिपीट कुठून कुठे, पहिलं-दुसरं एंडिंग, दाल सेन्यो, कोडा, पट्टी बदलते का. बहुतेक चुका स्वरांच्या नसून उडीच्या असतात. दोन सेकंदांत एक नजर शेवटच्या ओळीवरही टाका.

हेडफोनमध्ये स्वतःला कमी आणि गायकाला जास्त ठेवा. स्वतःचा आवाज मोठा असला की माणूस दबक्या आवाजात वाजवतो, टोन पातळ होतो आणि सूर कुठे पडतोय ते कळत नाही. क्लिक फार मोठी ठेवली की ती हेडफोनमधून गळून माइकात शिरते, विशेषतः शांत शेवटात. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर सुटलेली बाजू डोक्याला दाबून बंद करा. फोन फ्लाइट मोडवर. व्हायब्रेटवरचा फोन खुर्चीतून स्टँडला आणि स्टँडमधून माइकला जातो.

चुकलात तर थांबू नका, शेवटपर्यंत जा. इंजिनीअर पंच करून घेतो, म्हणजे चुकलेला तुकडा तेवढा पुन्हा रेकॉर्ड करून जोडतो. पंच करताना दोन बार आधीपासून सोबत वाजवत या, माइकपासून अंतर तेच ठेवा, आणि जोड लागेल तिथे श्वास घ्या. शेवटचा स्वर सोडल्यावर तीन सेकंद हलू नका. कीज सोडल्याचा 'टक' आवाज बऱ्याच चांगल्या टेकचा सत्यानाश करतो.

एकट्याने तीन हॉर्न्सचा सेक्शन डब करायचा असेल तर वरचा भाग आधी वाजवा, सरळ, व्हायब्रेटोशिवाय. खालचे भाग त्याला सूर लावून येतील. प्रत्येक थरासाठी माइकपासून अर्धा पाऊल सरका, जमलं तर माउथपीस बदला. एकच टोन तीनदा रचला की पोकळ, घोंघावणारा आवाज येतो. स्वर कुठे सोडायचा हे पेन्सिलने लिहा: 'चौथ्यावर बंद'. सेक्शन घट्ट वाटतो तो एकत्र सोडण्यामुळे, एकत्र सुरू करणं तसं सगळ्यांना जमतं.

फिलर, म्हणजे गाण्याच्या ओळींमधली जागा भरणारा तुकडा, मागितला तर तीन पास द्या. एक अगदी विरळ, एक गाण्याच्या चालीला धरून, एक मोकळा. चौथा देऊ नका. निवड करणाऱ्याला जास्त पर्याय दिले की तो तुकडे जोडायला बसतो आणि तुमचं वाक्य उरत नाही. गायक परत येण्याच्या अर्धा बीट आधी संपवा आणि त्याच्या आवाजाच्या पट्ट्यात घुसू नका. आल्टो नेमका बायकांच्या आवाजाच्या जागेत बसतो, तिथे सप्तक वर किंवा खाली विचार करा. मोकळा पासच बहुतेक वेळा निवडला जातो असा गैरसमज आहे. विरळच जास्त चालतो.

घरून फाइल पाठवताना

आता कितीतरी कामं स्टुडिओशिवाय होतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, सिनेमासाठी हेच नेहमीचं. तरी समोरच्याच्या सेशनचं सेटिंग विचारून घ्या. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान ठेवा. रिव्हर्ब, कॉम्प्रेशन काही लावू नका, कोरी फाइल द्या. प्रत्येक फाइल पहिल्या बारापासून सुरू व्हावी, तुम्ही चाळिसाव्या बारात आलात तरी. नाहीतर समोरचा ती कुठे ठेवायची ते शोधत बसतो. फाइलच्या नावात गाणं, वाद्य, टेम्पो, पट्टी आणि पास क्रमांक.

सॅक्सोफोनसाठी माइक ३० ते ४५ सेमीवर, बेलच्या तोंडात नाही तर बेल आणि कीज यांच्या मधल्या भागाकडे रोखलेला. अगदी बेलमध्ये घातला तर खालचे स्वर भोंग्यासारखे येतात आणि वरचे गायब होतात. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा किती तुकडा हाताळतो ते सेटिंग) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे एका बाजूने सुमारे २.७ मिलिसेकंद. त्यात दोन्ही बाजूंचा उशीर धरावा लागतो, म्हणून इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर तेच वापरा. ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्ड करू नका, उशिराने ताल हमखास हुकतो. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीवर गादी. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी रेकॉर्डिंग ठरवणारा माणूस नवखा समजावा.

पावसाळा

मुंबईची हवा वाद्यांना मानवत नाही. दमट दिवसांत सॅक्सोफोनचे पॅड चिकटतात, जी शार्प आणि खालच्या सी शार्पची की आधी. सिगारेटचा कागद पॅडखाली धरून हलके दाबा आणि दाब सोडून काढा, दाबून ओढलात तर पॅडचं कातडं फाटतं. वाजवून झाल्यावर आतून पुसा, केस लगेच बंद करू नका, पंख्याखाली दहा मिनिटं उघडी ठेवा. केसमध्ये सिलिका जेल चालतं, पण रीडच्या डबीत नको, तिथे रीड वाळून वाकडी होते. ॲकूस्टिक गिटारची आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास हवी. पावसात लाकूड फुगून ॲक्शन वर येते, तेव्हा ट्रस रॉड पाव वळसाच फिरवा आणि एक दिवस थांबा.

दुसरं वाद्य आणि बोलावणं

सॅम्पल्सनी व्हायोलिनचे मोठे सेक्शन बरेच कमी केले. श्वासाची आणि मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी) वाद्यं अजून टिकून आहेत, कारण त्यांची नक्कल लगेच उघडी पडते. सॅक्सोफोनवाल्याने बासरी किंवा पाश्चात्त्य फ्लूट आधी घ्यावी, क्लॅरिनेट नंतर. सॅक्सोफोनवर ऑक्टेव्ह कीने स्वर सप्तकाने चढतो, क्लॅरिनेटवर रजिस्टर कीने एक सप्तक आणि वर पंचम इतका, म्हणून बोटं सारखी वाटूनही फसवतात. दुसऱ्या वाद्यावर मध्यम सप्तक सुरेल असेल तेवढंच सांगा. 'येतं' म्हणून हो म्हणायचं आणि तिथे घामाघूम व्हायचं, यात नुकसान तुमच्या पहिल्या वाद्याचंही होतं.

डेमो दीड मिनिटाचा पुरतो: एक बॅलड, एक सरळ ग्रूव्हवरचा हॉर्न सेक्शन, एक रागावर आधारलेला फिलर, एक जॅझ सोलो, प्रत्येकी वीसेक सेकंद. तो संगीतकारांपेक्षा अरेंजर आणि प्रोग्रॅमर यांना पाठवा. वादक कोण हे बहुतेक वेळा तेच ठरवतात. एखादं काम जमणार नसेल तर स्वतःपेक्षा चांगला माणूस पाठवा. बदली माणूस वाईट निघाला तर नाव तुमचं जातं.

सेशनवरच घर चालतं असं क्वचितच होतं. कॅथलिक लग्नांत वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह आणि शेवटी मसाला, म्हणजे नाचायच्या कोंकणी गाण्यांची माळ. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये जुन्या गाण्यांचे कार्यक्रम. हॉटेलची लॉबी, जिंगल्स, मालिकांची शीर्षकगीतं, शिकवण्या. लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) कॅथलिक लग्नं सहसा नसतात आणि चातुर्मासात हिंदू लग्नं कमी, त्यामुळे पावसाळ्यात शिकवण्यांचा आधार लागतो. गणपतीची गाणी मात्र त्याआधी महिना-दोन महिने रेकॉर्ड होतात, ते दिवस मोकळे ठेवा.

पैसे आणि कागद

सिने म्युझिशियन्स असोसिएशनचं सदस्यत्व सिनेमाच्या कामाला उपयोगी पडतं, अटी कार्यालयातूनच समजून घ्या. प्रत्येक कामानंतर त्याच दिवशी बिल पाठवा: तारीख, गाण्याचं तात्पुरतं नाव, शिफ्ट, वाद्यं, पॅन, बँकेचा तपशील. व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का हे आयकर पोर्टलवरच्या नोंदीत दर तिमाहीला बघा, वर्षाअखेरीला ओरडून फार मिळत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते.

सही करण्याआधी कागद वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात वादकालाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, मुदत ५० वर्षं. सिनेमात वाजवायला लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही, पण व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क राहतो. क्रेडिटमध्ये नाव कसं छापायचं हे बिलातच लिहून द्या.

कान

८५ डेसिबलला आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरसमोर उभं राहून एवढा आवाज सहज होतो. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, फोमचे नकोत, त्यात वरचे स्वर आधी जातात आणि माणूस जोरात फुंकायला लागतो. ज्या दिवशी रात्री लग्न आहे त्या दिवशी सकाळचं सेशन घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळचं नको.